इनिशिएटिव्हचे फासे काढून टाकायचे? मला मान्य नाही

वीसचा_फासा:
डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या टेबलावर पात्रं घेऊन खेळायच्या खेळात लढाई लागली की कुणी कधी चाल करायची हे फासा टाकून ठरतं, तेच इनिशिएटिव्ह. गेल्या आठवड्यात एकानं इथं लिहिलं, "इनिशिएटिव्ह टाकणं ही जुनी खोड आहे. लढाई लागली की ज्याला सुचेल त्यानं चाल करावी आणि पुढच्याला खो द्यावा. टेबलाभोवती समजूतदार माणसं असली की क्रम कशाला हवा?" दोन दिवस गप्प बसलो, पण राहवत नाही.

आमचा ग्रुप शनिवारी कर्वेनगरला जमतो. पाच खेळाडू, मी डीएम, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा. त्यातली एक मुलगी मुळातच कमी बोलणारी. आम्ही सहा महिने ही खो पद्धत खेळलो. दोन जिवलग मित्र एकमेकांनाच आधी खो द्यायचे. तिचा टर्न यायचा, नाही असं नाही, पण सगळ्यांत शेवटी, निम्मे गॉब्लिन मेल्यावर. एकदा निघताना ती म्हणाली, "मग डेक्स्टेरिटी १८ कशाला ठेवली मी?" डेक्स्टेरिटी म्हणजे पात्राची चपळाई; १८ म्हणजे फाशावर +४. डी-२०, म्हणजे वीस बाजूंचा फासा, टाकला की ती त्या +४ च्या जोरावर पुढं येते, कुणाच्या मर्जीवर नाही. पुढच्याच शनिवारी फासे परत आणले.

शिवाय खो पद्धतीत राउंडमध्ये जो शेवटचा, तोच पुढच्या राउंडचा पहिला ठरवणार. शत्रू शेवटी राहिले की स्वतःलाच खो देऊन लागोपाठ दोनदा मारतात. आमचा क्लेरिक, म्हणजे जखमा भरणारं पात्र, असाच गेला.

सिंहगडरोडचा_बार्ड:
ते लिहिणारा मीच. तुमची अडचण नियमाची नाही, त्या दोन मित्रांची आहे. त्यांना बाजूला घेऊन सांगायचं होतं. ठरलेल्या क्रमात काय होतं ते मी दोन वर्षं बघितलंय. सहा जण, प्रत्येकी चार मिनिटं. आपला टर्न संपला की मोबाइल बाहेर. वीस मिनिटांनी हाक मारली की "कोण कुठे उभंय?" पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगा. खो कधीही येऊ शकतो म्हटल्यावर माणूस नकाशाकडे बघतो.

पेठेतला_पॅलाडिन:
मोबाइलवर उपाय पत्ते. सॅव्हेज वर्ल्ड्स या अशाच दुसऱ्या खेळात दर राउंडला प्रत्येकाला नवा पत्ता. एक्का पहिला, दुर्री शेवटी, जोकर आला तर हवं तेव्हा उठा आणि वर फाशांवर +२. आपला पत्ता काय आला हे बघायला सगळे वाकतात. वेळ जातो म्हणू नका. सुट्टीत मेंढीकोट खेळलेल्या माणसाला पत्ते पिसायला कितीसा वेळ लागतो?

आणि डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८१ च्या बेसिक आवृत्तीसारखं दोन्ही बाजूंनी एकेक डी-६ टाकून जिंकलेली अख्खी बाजू आधी, हेही कुणी सुचवू नका. आमच्यावर आठ गॉब्लिन एकदम आले, पहिल्या लेव्हलचा विझार्ड, म्हणजे जादूगार, त्याचा टर्न यायच्या आत मेला. तो खेळणारं पोरगं पुढच्या वेळी आलंच नाही.

खांबाजवळची:
तुमचं चालू द्या, पण याला 'खो' म्हणू नका. मी शाळेत सहा वर्षं खेळलेय. खो मैत्रीवर देत नाहीत. आठ जणी बसलेल्या, शेजारशेजारच्यांची तोंडं विरुद्ध बाजूंना. आक्रमकाला मधली रेषा ओलांडता येत नाही. धावणारी पलीकडे गेली की जिची पाठ तुमच्याकडे तिलाच खो. खो न मिळता उठलं की फाउल. १९१४ साली याच पुण्यात डेक्कन जिमखान्यानं नियम बांधले, कारण नियमाशिवाय नुसती पळापळ होते. 'ज्याला सुचेल त्यानं' हा खो-खो नव्हेच.

सिंहगडरोडचा_बार्ड:
ताई, धागा खो-खोवर नाही. आणि पाठ असलेल्या चौघी असतात, त्यांतली एक निवडायचीच असते ना?

खांबाजवळची:
निवडायची असते, धावणारी कुठे आहे ते बघून! लांबच्या मैत्रिणीला खो देऊन काय उपयोग? तुम्ही मैदानावर बसलाय का कधी?

सिंहगडरोडचा_बार्ड:
बसलोय. नुसता बसलोय. जाडा होतो, म्हणून खांबाशेजारी बसवायचे आणि अख्खा डाव मला खो मिळायचा नाही. तेव्हा 'बसलाय का' हे मला विचारू नका.

वीसचा_फासा:
अहो, मग माझ्या टेबलावरच्या मुलीचं दुसरं काय होत होतं?

सिंहगडरोडचा_बार्ड:
हे वैयक्तिक होतंय. माझ्या टेबलावर असं कुणाचं होत नाही.

वीसचा_फासा:
मलाही सहा महिने तसंच वाटत होतं. तिनं सांगितलं म्हणून कळलं.

खांबाजवळची:
बसवलं ते चूकच होतं, आणि मी विचारलं तेही जरा लागट झालं. पण मग जागेला किंमत द्या. नकाशावर सहा चौकोनांच्या आत जो असेल त्यालाच खो. त्यात दोघं असले तर ज्याच्या शेजारी शत्रू आहे तो. आवडतानावडता राहत नाही.

सिंहगडरोडचा_बार्ड:
आत कुणीच नसेल तर?

खांबाजवळची:
सगळ्यांत जवळचा.

सिंहगडरोडचा_बार्ड:
ठीक. हे मला सुचायला हवं होतं, एवढं मानतो. मोबाइलचं मात्र मी सोडत नाही.

वीसचा_फासा:
पहिला कोण ते डी-२० नंच ठरणार असेल, आणि तोच प्रत्येक राउंड सुरू करणार असेल, तर शत्रूंचा लागोपाठचा मार टळतो. एक शनिवार खेळून बघेन, पण आधी त्या मुलीला विचारतो. ती नको म्हणाली तर फासेच.

पेठेतला_पॅलाडिन:
पत्त्यांबद्दल कुणी बोलणार आहे का?