लायगो येतंय म्हणून फर्स्ट इयरला मॅथ्स सोडून खगोलशास्त्र घ्या, हे लेकरांना कोण सांगायलंय?

हिंगोलीकर (धागाकर्ता)
आठ दिवसांपासून आपल्या भागातल्या ग्रुपवर एक पोस्ट फिरायलीय. औंढ्याला लायगो येतंय, बीएस्सी फर्स्ट इयरला खगोलशास्त्राचा पेपर घ्या, मॅथ्स सोडलं तरी चालतं, नोकरी दारात येईल. आधी सोडून दिलं, पण काल चुलतभावानं मॅथ्सवर काट मारलेला फॉर्म दाखवला म्हणून लिहायलोय. बाबांनो, लायगो म्हणजे रात्री तारे बघायची जागा नाही, कृष्णविवरं आदळली की अवकाशात उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडायचं यंत्र आहे ते. ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा, हवा काढलेल्या नळ्या, त्यातून लेसर, टोकाला लंबकासारखे टांगलेले आरसे, आणि लहर आली की भुजांच्या लांबीत पडणारा, पकडायचा फरक किती तर प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा. तिथं ऑप्टिक्स लागतं, इलेक्ट्रॉनिक्स लागतं, कोडिंग लागतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले ते या कामासाठी. फर्स्ट इयरला मेकॅनिक्स आणि मॅथ्स घट्ट करा. साधा लंबक समीकरणात मांडता येईना तर तो टांगलेला आरसा काय कळणार? खगोलशास्त्र एमएस्सीला घेता येतं.

उदगीरची लेक
शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. दादा, एमएस्सीपर्यंत पोचायचं कसं ते पण सांगा ना. मला फर्स्ट इयरला मॅथ्सचीच एटीकेटी लागली होती, फिजिक्स म्हणजे डेरिव्हेशन पाठ करायचं अन् पेपरात उतरवायचं, एवढंच. दुसऱ्या सेमला एका मॅडमनी धूळ खात पडलेली छोटी दुर्बीण गच्चीवर लावली, गुरूचे चार चंद्र दाखवले अन् म्हणाल्या रोज वहीत जागा काढा. महिनाभर काढल्या. मग हिशोब. त्या चौघांतला कॅलिस्टो गुरूपासून आयोपेक्षा ४.४६ पट लांब, त्याचा घन ८८.७, वर्गमूळ ९.४२, आणि आयोच्या फेऱ्याच्या १.७७ दिवसांना ९.४२ नं गुणलं की १६.७, तेवढ्याच दिवसांत कॅलिस्टोचा फेरा! केप्लरचा तिसरा नियम, फेऱ्याच्या काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात, शंभरदा लिहिला होता, खरा त्या दिवशी वाटला. एटीकेटी त्याच्यानंतर सुटली. तुमचा क्रम माझ्या बाबतीत उलटाच निघाला.

नांदेडचे निवृत्त मास्तर
रोग वेगळाच आहे. ३१ वर्षं शिकवलं मी. फर्स्ट इयरला आलेल्या लेकराला व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, वाचता येत नाही, कामून? तर अकरावी-बारावीला नाव एका कॉलेजात अन् लेकरू दिवसभर क्लासमध्ये, प्रॅक्टिकलला मात्र ३० पैकी २८ ठरलेले. बार पेंडुलमच्या प्रयोगात जीची (गुरुत्व त्वरणाची) किंमत ९८० यायलाच पाहिजे म्हणून उत्तरावरून मागं येत रीडिंग लिहितात, एका वर्षी ४० जर्नलमध्ये एकाच ओळीत एकच चूक सापडली मला. लातूर पॅटर्ननं हेच दिलं आपल्याला. असं लेकरू मेकॅनिक्स घेवो की खगोल, काय फरक पडतो?

लातूरचा
मास्तर, वयाचा मान ठेवतो, पण हे ऐकून घेणार नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा आमची अकरावी संपत आली होती. एका खोलीत चौघं, चौघांत दोन घागरी पाणी, वडील सोयाबीन विकून फी भरायचे. त्याच पॅटर्ननं माझ्या दोन मित्रांना एमबीबीएसला पोचवलं, ज्यांच्या घरात आधी कोणी दहावी पास नव्हतं. प्रॅक्टिकल आम्ही टाळलं नाही हो, लॅबला कुलूप असायचं. ते कुलूप कोणाच्या पिढीनं लावलं?

नांदेडचे निवृत्त मास्तर
कुलूप मी लावलं नाही! आमचा लॅब असिस्टंट रिटायर झाला, जागा भरलीच नाही. ११ वर्षं स्पेक्ट्रोमीटर मी स्वतः पुसलेत, प्रिझमचे पैसे खिशातून दिलेत. सगळ्यांना एका मापानं मोजू नका.

लातूरचा
मग तुम्हीपण सगळ्या लातूरला एका मापानं मोजू नका.

उदगीरची लेक
दोघंही पोरींचं विसरायलात. आमचं प्रॅक्टिकल ४ ला सुरू व्हायचं अन् गावाची शेवटची एसटी साडेपाचला. निम्म्या पोरी रीडिंग कॉपी करायच्या ते आळसानं नाही.

नांदेडचे निवृत्त मास्तर
हे खरंय. एसटीचं मी कधी विचारलंच नाही पोरींना. विचारायला पाहिजे होतं.

हिंगोलीकर (धागाकर्ता)
धागा कुठं होता अन् कुठं गेला. ताई, तुमचं गुरूचं मान्य, पण तुम्हाला मोजायला लावणाऱ्या मॅडम होत्या. आमच्याकडं खगोलशास्त्राच्या पेपरात नुसत्या नोट्स मिळाल्या, ग्रहांची अंतरं पाठ करा, ताऱ्यांचे प्रकार पाठ करा. आकाश एकदाही दाखवलं नाही, तेही हिंगोलीत, जिथं लाईट गेली की आकाशगंगा घरावरून जाते. मोजायला लावत असतील तर घ्या, एवढं मी मागं सरतो. मॅथ्सवर नाही सरणार.

परभणीचा, ॲडमिशन कमिटीवर
अर्धं भांडण बिनकामाचं आहे. एनईपीत, म्हणजे नव्या शिक्षण धोरणात, ओपन इलेक्टिव्ह (आवडीनं निवडायचा जादा पेपर) मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, फॅकल्टीबाहेरचाच घ्यावा लागतो. म्हणजे फिजिक्स मेजरवाल्याला खगोलशास्त्र ओपन इलेक्टिव्ह म्हणून मिळतच नाही, तो पेपर बीए-बीकॉमच्या लेकरांसाठी. ती पोस्ट लिहिणाऱ्यानं नियम वाचलेलाच नाही. फिजिक्सवाल्यानं फर्स्ट इयरला बघायची गोष्ट एकच, मायनर (जोडीचा दुय्यम विषय) कोणता. तो मॅथ्स ठेवा.

उदगीरची लेक
बरं, नियम तुमचा. पण गच्चीवर जायला कोणता नियम आडवा येतो?

फर्स्ट इयरवाला, जिंतूर
माझा फॉर्म सोमवारी भरायचाय. मायनर मॅथ्स टाकतो. पण आमच्या कॉलेजात दुर्बीणच नाही, ते गुरूचं कसं करू?

उदगीरची लेक
१० बाय ५० ची (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) साधी बायनॉक्युलर कुणाकडून तरी माग. भिंतीला टेकवून धर, हात हलला की काही दिसत नाही. पावसाळ्यात नाद करू नको, आभाळ मोकळं झालं की गुरू किती वाजता उगवतो ते बघ. रोज एकाच वेळेला चित्र काढ, वर तारीख-वेळ लिही. आयो सापडणं अवघड जाईल, गुरूला चिकटून असतो, कॅलिस्टोपासून सुरुवात कर.

नांदेडचे निवृत्त मास्तर
अन् गच्चीची किल्ली शिपायाला मागू नको, एचओडीला लेखी अर्ज दे, पाच जणांच्या सह्या घेऊन. पोरी असतील तर वेळ संध्याकाळची लिही, एसटीच्या आधीची.