शिकता शिकता काम शोधताना: तुमचे अनुभव इथे लिहा

बरेच दिवस कुणालाच काही कळवलं नाही, म्हणून आधी खुशाली सांगते. तब्येत ठीक आहे. एम.एस्सी.चं दुसरं वर्ष सुरू झालंय. जुनी खोली सोडली. आता कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहते, एका खोलीत चौघी. डबा एकच वेळचा लावलाय, रात्रीचं आम्ही खोलीवर करतो.

आमचं गाव परंडा तालुक्यात, सीनेच्या काठाला. सप्टेंबर २०२५ च्या पुरात काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं, बांधावरची मातीसुद्धा वाहून गेली. पैसे पाठवता येणार नाहीत असं बाबा एकदाही म्हणाले नाहीत. उलट दर रविवारी फोनवर विचारतात, "लागतंय का काही?" आणि मी दर रविवारी नाही म्हणते.

म्हणून काम शोधतेय. वहीत लिहून ठेवलंय, आजवर ३१ ठिकाणी विचारून झालं. झेरॉक्स सेंटर, कापडाची दुकानं, दोन क्लासेस, एक औषधाचं दुकान, एक पतपेढी. एका क्लासवाल्यांनी गणिताचा डेमो घ्यायला लावला, मुलांना तो आवडलाही, पण त्यांना दुपारी दोनपासून माणूस हवा होता. मी लॅबमधून साडेपाचला सुटते, पाऊण तास बसमध्ये जातो आणि आमच्या इमारतीचं दार साडेनऊला बंद होतं. मधे जेमतेम तीन तास उरतात. ३१ पैकी कुणीही मला काम येत नाही असं म्हटलं नाही. त्यांना हवेत ते तास माझ्याकडे नाहीत, इतकंच.

तुम्ही ते तास कुठून काढलेत? काम कुणामार्फत मिळालं, पैसे वेळेवर आले का, अभ्यासाचं काय झालं? फसला असाल तर तेही लिहा, पुढच्याला उपयोग होईल.

*

जत तालुक्यातून पुण्याला आलेला, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा

मी तीन वर्षं लग्नात वाढपी म्हणून जातोय. ठेकेदाराचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. आदल्या संध्याकाळी मेसेज पडतो: "उद्या ४० पोरं, काळी पँट, पांढरा शर्ट, नऊला कार्यालयावर." ज्याने आधी नाव टाकलं तो आत. मला ५०० ते ६०० रुपये मिळतात, वर पोटभर जेवण. पैसे बहुतेक त्याच दिवशी हातात, हा या कामाचा सगळ्यात मोठा गुण.

अडचण पंचांगाची आहे. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि मे-जूनपर्यंत पुष्कळ काम असतं. आषाढी एकादशीनंतर चार महिने काहीच नाही. नेमके त्याच दिवसांत कॉलेजची फी, खोलीचं डिपॉझिट, अभ्यासिकेचे पैसे आणि नवी पुस्तकं. मे महिन्यात मिळालेलं जपून ठेवलं तरच जुलै निघतो. पहिल्या वर्षी मला हे कळलंच नाही. मेमध्ये घरी पैसे पाठवले आणि ऑगस्टमध्ये मित्राकडे हात पसरला.

दुसरं असं की, शेवटची पंगत उठेपर्यंत सुटका नाही. साडेतीनला सुटू म्हणून गेलेला माणूस पाचला सुटतो. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय, रोज हाताने लिहिण्याचा सराव लागतो. दिवसभर पातेली उचलली की रात्री पेन धरवत नाही. त्यामुळे आता मी आठवड्यातून दोनच लग्नं घेतो, तिसऱ्याला नाही म्हणतो.

एकदा वर्गातल्या मुलीच्या बहिणीचंच लग्न निघालं. मी मठ्ठा वाढत होतो. तिने मला पाहिलं, आईला घेऊन आली आणि म्हणाली, "हा आमच्या वर्गात पहिला असतो." तिच्या आईने मला सगळ्यांबरोबर पंगतीत बसवलं.

*

द्वितीय वर्ष बी.कॉम.

मी फसलो, ते लिहितो. टेलिग्रामवर "घरबसल्या पार्टटाइम, व्हिडिओला लाइक करा" असा मेसेज आला. पहिल्या दिवशी खरंच १५० रुपये खात्यात आले. तिसऱ्या दिवशी "प्रीपेड टास्क" म्हणून १,००० भरायला लावले आणि १,३०० परत दिले. मग ५,००० मागितले. मग "तुमचं टास्क चुकलं, आता ९,००० भरले तरच सगळे सुटतील." ते मेसचे आणि खोलीचे मिळून साठवलेले पैसे होते. गेले.

सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या नंबरवर लगेच फोन करायला हवा होता. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तक्रार गेली तर गोठवता येतात. मी लाजेने चार दिवस गप्प बसलो.

आणखी एक. "तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, कमिशन देतो" असं कॉलेजच्या गेटवर सांगणारे भेटतात. माझ्या रूममेटने दिलं. त्यातून कुणाच्या तरी फसवणुकीचे पैसे फिरले आणि खातं गोठलं. शिष्यवृत्ती त्याच खात्यात यायची होती. पोलिसांचं पत्र घरी गेलं. कामासाठी कुणी आधी पैसे किंवा खातं मागितलं तर तिथूनच परत फिरा.

*

आता शिक्षक, शिक्षण सातारा जिल्ह्यात

मी १९९८ ते २००१ कमवा आणि शिका योजनेत होतो. सकाळी सहा ते आठ कॉलेजच्या बागेला पाणी घालायचो, दुसऱ्या वर्षी ग्रंथालयात पुस्तकांना पुठ्ठे चढवायचो. आमच्याकडे ही गोष्ट जुनी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात मुलं स्वतः राबून, स्वयंपाक करून शिकली. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं तेही याच पायावर. त्यामुळे बागेत खुरपं घेऊन बसलेल्या मुलाकडे कुणी वेगळ्या नजरेने पाहत नसे. प्राचार्य येताजाता उभे राहून विचारायचे, "आज कुठला तास आहे पहिला?"

ताई, तुझ्या तासांचं उत्तर मला तिथेच दिसतं. कॉलेजातल्या कामात काम देणाऱ्यालाच तुझं वेळापत्रक माहीत असतं. प्रॅक्टिकल असलं तर तास पुढे सरकतो. पैसे थोडे मिळतात, तेही मला दोन-दोन महिन्यांनी एकदम मिळायचे. पण बसभाडं नाही आणि लेक्चर बुडत नाही. हे धरून हिशेब केलास तर बाहेरच्या कामापेक्षा फार कमी पडत नाही. विद्यार्थी विकास विभागात चौकशी कर.

*

धागा सुरू करणारी

सर, काल जाऊन विचारलं. यंदाची यादी लागून गेली आणि जागा भरल्यात. तिथल्या मॅडमनी नाव-नंबर लिहून घेतलाय, कुणी मधेच सोडलं तर कळवते म्हणाल्या. पहिल्या वर्षी हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. नवीन प्रवेश घेणाऱ्यांनो, प्रवेशाच्या आठवड्यातच विचारा.

*

तासगावकडचा, बी.एस्सी. ॲग्री

माझं काम रानातलं आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षघड वाढायला लागले की जीए या वाढीच्या औषधाच्या द्रावणात बुडवायचे असतात, त्याला डिपिंग म्हणतात. एकेक घड हाताने धरून मगात बुडवायचा आणि हलकेच झटकायचा. टोळीने काम चालतं. शनिवार-रविवारी गावी आलो की मी आमच्या गावच्या टोळीत शिरतो. मान वर करून पाच तास उभं राहिलं की संध्याकाळी पाठ बोलते. पैसे बाजारादिवशी.

पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये बेदाणा शेडवर कामाला माणूस पुरत नाही, आणि तेव्हाच आमच्या अंतर्गत परीक्षा. गेल्या वर्षी मी शेडवर रात्रपाळी केली आणि कीटकशास्त्राच्या पेपरला डुलकी लागली. चाळीसपैकी एकोणीस. यंदा शेड बंद, फक्त डिपिंग.

वर्गात जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड शिकवलं तेव्हा सरांनी विचारलं, प्रमाण चुकलं तर काय होतं? मी पाहिलेलं सांगितलं, देठ जाड आणि कडक होतात. सर म्हणाले, बरोबर, आता कारण सांग. ते मला येत नव्हतं. त्या दिवशी रात्री लायब्ररीत बसून वाचलं.

*

एम.ए. प्रथम वर्ष, कोल्हापूर

नव्या शैक्षणिक धोरणात आम्हाला ऑन जॉब ट्रेनिंग आहे. ४ क्रेडिट, म्हणजे १२० तास. कल्पना चांगली आहे, पण मला ते बिनपगारी मिळालं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत करावं लागलं. त्याच सुट्टीत मी दोन वर्षं मावशीच्या शिवणकामात काज-बटणं करून वर्षभराचा बसपास काढायचे. १२० तास काम केलं आणि जाण्यायेण्याचे पैसे मलाच घालावे लागले. निदान प्रवासखर्च तरी मिळावा, असं पत्र आम्ही सहा जणींनी विभागप्रमुखांना दिलंय. उत्तर आलं की इथे लिहीन.

*

पत्रकारितेची विद्यार्थिनी

२०२४-२५ मध्ये सहा महिने घरून मजकूर तपासायचं काम केलं, महिना ८,००० ठरले होते. हातात ७,२०० यायचे. विचारलं तर "टीडीएस", म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, एवढंच उत्तर. मला वाटलं, गेले ते पैसे. आत्याने समजावलं की व्यावसायिक फी म्हणून १० टक्के कापलेत, आणि आपलं वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ते परत मिळतात. २६एएस, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराचा आयकर खात्याचा तक्ता, काढून पाहिला तर ४,८०० माझ्या पॅनवर जमा दिसत होते. विवरणपत्र भरलं आणि पुढे ते खात्यात आले. ज्यांचे असे कापले जातात त्यांनी आपला २६एएस नक्की उघडून पाहा.

*

डिलिव्हरी करणारा, डिप्लोमा

"तास तुमच्या मर्जीचे" म्हणतात, आणि ॲप खरंच केव्हाही चालू-बंद करता येतं. पण ऑर्डरी रात्री सात ते अकरात आणि पावसात. सकाळी आठच्या लेक्चरला उठवत नाही. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली आणि दंड भरला. आता फक्त शुक्रवार-शनिवार.

*

तृतीय वर्ष बी.ए.

मी लेखनिक म्हणून जाते. आमच्या कॉलेजात दृष्टिहीन मुलं आहेत, त्यांचे पेपर लिहायला कुणीतरी लागतं. तीन तासांच्या पेपरला त्यांना तासामागे २० मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे चार तास लिहायचं. मानधन अगदी थोडं, ते पोट भरण्याचं काम नव्हे. तरी इथे लिहिते कारण मला पुढचं काम त्यातून मिळालं. ज्या ताईचा पेपर लिहिला तिला पुढच्या वर्षी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी हवी होती. तिच्या संस्थेने मला तासावर घेतलं. रात्री दहानंतर, खोलीवर, मोबाईलवर रेकॉर्ड करते. मैत्रिणी तेवढा वेळ पंखा बंद ठेवतात.

*

झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान, गेली २२ वर्षं

मुलांनो, दुकानदाराची बाजूही सांगतो. मी विद्यार्थी ठेवायचं बंद केलं होतं. कारण साधं. आमची खरी गर्दी परीक्षेच्या आधी पंधरा दिवस. नोट्स, असाइनमेंट, प्रोजेक्टची बाइंडिंग. आणि नेमका तेव्हा विद्यार्थी सुट्टी मागतो. त्याचंही बरोबर, त्याची परीक्षा असते. पण माझं दुकान कोण बघणार?

गेल्या वर्षी दोन मुलगे एकत्र आले. एक कॉमर्सचा, एक इंजिनिअरिंगचा. म्हणाले, काका, एका माणसाचा पगार द्या, आम्ही दोघं वाटून घेऊ, दुकान कधी रिकामं राहणार नाही. दोघांच्या परीक्षा वेगळ्या तारखांना. वर्षभरात एकही दिवस अडलं नाही. तेव्हापासून माझ्याकडे जोडीच असते. ताई, एकटी विचारू नकोस. वेगळ्या शाखेची मैत्रीण घेऊन जा आणि दोघींचं वेळापत्रक कागदावर मांडून मालकासमोर ठेव.

*

धागा सुरू करणारी

काका, तुमचं वाचून मी आणि खोलीतली लॉ शिकणारी मैत्रीण त्याच संध्याकाळी बसलो. तिचं कॉलेज सकाळचं, साडेबाराला सुटते. माझे तीन तास संध्याकाळचे. एका कागदावर दोन रंगांत आठवडा मांडला आणि पुन्हा त्याच औषधाच्या दुकानात गेलो, जिथून मला सप्टेंबरमध्ये परत पाठवलं होतं. औषधं द्यायला त्यांच्याकडे फार्मासिस्ट आहेत, माणूस हवा होता बिलं आणि आलेला माल नोंदवायला. मालकिणबाईंनी कागद बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "दिवाळीनंतर गावी गेलात तर?" आम्ही सांगितलं, एक जाईल तेव्हा दुसरी इथे असेल.

सोमवारपासून यायला सांगितलंय. दुपारी दोन ते सहा ती, सहा ते नऊ मी. सव्वासहापर्यंत पोचायला त्यांची हरकत नाही. पहिला महिना बघून पगार पक्का करणार. पाच तारखेला पैसे देणार असं त्यांनी स्वतःहून कागदाच्या खाली लिहून सही केली.

तिची परीक्षा संपते त्याच्या दोन दिवसांनी माझी सुरू होते. ते दोन दिवस आम्ही लाल पेनाने गोल करून ठेवलेत, एक दिवस ती झोपणार, एक दिवस मी.