तुमच्या नळाला पाणी कसं येतं? अनुभव लिहा

गेल्या जुलैत आमच्या इमारतीत चार दिवसांत नऊ जणांना जुलाब झाले. माझी सहा वर्षांची लेक त्यातलीच. दोन दिवस सलाइनवर होती. सगळे म्हणत होते, बाहेरचं खाल्लं असेल. पण सत्तरीच्या, घराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या शेजारच्या काकूही आजारी पडल्या, तेव्हा मी खालच्या टाकीचं झाकण उघडायला लावलं. झाकणाला तडा गेलेला. अंगणातलं पावसाचं पाणी त्यातून सरळ आत. टाकी उपसली तर तळाला वीतभर गाळ निघाला, वर कबुतरांची पिसं. शेवटची कधी धुतली होती, हे कमिटीत एकालाही सांगता येईना.

सात तलावांचं पाणी, रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर, शुद्ध होऊन मुंबईत येतं. ते आमच्या दारापर्यंत बरं आलं आणि आमच्या टाकीत नासलं. तुमच्याकडे काय घडलं आणि तुम्ही काय केलंत, ते लिहा. कोणाच्या तरी लेकराला उपयोग होईल.

लालबाग, चाळ

आमच्याकडे पहाटे साडेचारला पाणी. पहिली बादली आम्ही मोरीत सोडतो, आजीच्या वेळेपासूनची रीत. दोन वर्षांपूर्वी पहिल्या तीन-चार बादल्यांना गटाराचा वास यायला लागला, मग मात्र स्वच्छ पाणी. प्लंबरदादांनी जमिनीवर बसून समजावलं ते कायमचं डोक्यात बसलं. पाणी चालू असतं तेव्हा पाइपात दाब असतो, भोक असलं तरी पाणी बाहेरच जातं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि त्याच भोकातून बाहेरची घाण आत ओढतो. त्यात कोणी लाइनीला थेट मोटर लावली की आणखी जोरात. आमच्या चाळीत तीन मोटरी होत्या, एक आमचीच होती.

आमचा पाइप चाळीमागच्या गटारातून पंधरा-वीस फूट गेलेला. बाहेर काढला तर बोटाने दाबला तरी पापुद्रे सुटत होते. वर्गणी काढली, रीतसर अर्ज करून नवा पाइप भिंतीवरून, गटाराच्या वरून घेतला. मोटरी काढायला लावताना भांडणं झाली, अजूनही दोन घरं बोलत नाहीत. पण वास गेला. तुमच्या इमारतीचा पाइप कुठून येतो, हे एकदा डोळ्यांनी बघून या, एवढंच सांगते.

दहिसर

पांढरं, दुधासारखं पाणी आलं की घाबरू नका. ग्लासात दोन मिनिटं ठेवा. खालून वर निवळत गेलं तर ती हवा आहे. पिवळं किंवा वासाचं असेल तर मात्र लगेच महापालिकेच्या १९१६ या नंबरवर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.

गोवंडी

मी आरोग्यसेविका आहे. नळ सगळ्यांच्या दारात नाही, म्हणून पाणी पिंपात साठतं. आम्ही घरोघर जाऊन ओटी टेस्ट करतो: नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. नळाच्या पाण्याला पिवळा येतो. त्याच पाण्याला पिंपात दोन दिवस झाले की बहुतेक वेळा काहीच येत नाही. क्लोरीन उडून जातो, आणि त्यात लहान मुलं पेला बुडवतात, हात मनगटापर्यंत आत.

मी प्रत्येक घरात एकच हट्ट धरते: लांब दांड्याचं ओगराळं घ्या आणि पिंपाला झाकण घाला. क्लोरीनची गोळी वाटते तेव्हा बायका म्हणतात, ताई, वास येतो. मी म्हणते, तो वास येऊ दे, अर्धा तास थांबा आणि मग प्या.

गोरेगाव

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात. तिथल्या हापशीच्या पाण्यात फ्लोराइड. चव नाही, रंग नाही, वास नाही. वडिलांचे दात तपकिरी पट्ट्यांचे, आता गुडघे वाकत नाहीत. आई आयुष्यभर पाणी उकळून देत होती, पण उकळून फ्लोराइड जात नाही. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

त्या धास्तीने मुंबईत आल्या आल्या आरओ घेतला. मग कोणीतरी नळाचं टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजून दाखवलं तर शंभराच्याही आत. तलावाचं पाणी मुळात मऊ. आरओ एका भांड्यामागे दोन-तीन भांडी पाणी मोरीत घालवत होता. आता साधा गाळणीचा आणि यूव्हीचा फिल्टर आहे. आधी पाण्यात काय आहे ते तपासा, मग यंत्र घ्या. गावाला मात्र आरओच लागला असता.

मुलुंड, निवृत्त

पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी झाली, म्हणून थोडं. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) एकही चालत नाही आणि क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. २०१९ मध्ये मानक ब्युरोने मुंबईत दहा ठिकाणचे नमुने तपासले, सगळे कसोटीला उतरले. म्हणून तुमची टाकी उतरली असं होत नाही.

नमुना कोणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणला की आम्ही परत पाठवायचो. नळाचं तोंड ज्योतीने भाजायचं, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, निर्जंतुक बाटलीत आत बोट न लावता भरायचं आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचं. नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी, हा समज सोडा. मी नितळ नमुन्यांत सगळ्यात वाईट निकाल पाहिलेत.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. लालबागच्या ताई, तुमचं वाचून आज दुपारी आमचा पाइप बघून आले. मीटरपाशी चार फूट गटाराच्या अगदी काठाने जातो. रविवारच्या मीटिंगमध्ये मांडते आहे.

टाकीचं नवं झाकण बसलं, धुण्याची तारीख जिन्यात रंगाने लिहिली. केमिस्टकडून ती जंतू तपासायची छोटी बाटली आणली होती, पाणी दूषित असेल तर काळी पडते. परवा भरून ओट्याच्या फळीवर ठेवली. लेक सकाळी उठली की आधी तिकडे जाते. आज दुसरा दिवस, अजून काळी झालेली नाही.