मदत हवी आहे: चालवण्याच्या सवयी बदलून गाडीचं अ‍ॅव्हरेज खरंच वाढतं का?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात राहतो, फुलेवाडीहून रोज गोकुळ शिरगाव एमआयडीसीला जातो. रंकाळा, संभाजीनगर, सायबर चौक, शाहू नाका, पुढं हायवे. बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे, बीएस ६. अ‍ॅव्हरेज १३-१४ च्या वर जात नाही. सर्व्हिसिंग वेळेवर होतं, एअर फिल्टर नवा आहे. मेकॅनिक म्हणतो गाडी ठणठणीत आहे, चालवण्यात फरक करून बघा. महिन्याचं पेट्रोल घरखर्चाला जड जातंय, म्हणून विचारतोय.

डॅशबोर्डवरचा आकडा मी धरत नाही. टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच. त्यावरून काढलेला हा हिशोब आहे.

खरी अडचण गगनबावडा रोडला आहे. साळवणजवळ गाव आहे, जाणंयेणं असतंच. कारखाने सुरू झाले की रस्ताभर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. मागनं दुसऱ्या गिअरवर सरकत राहायचं, जागा मिळाली की दाबून पुढं काढायची, तोवर वळणावर पुढची ट्रॉली हजर. कित्येकांना मागं लाल दिवा नसतो, अंधारात उसाच्या मोळ्या अगदी जवळ आल्यावरच हेडलाइटमध्ये दिसतात. अशा रस्त्यावर काय करायचं?

आणि वडील म्हणतात, करूळ घाट उतरताना गाडी न्यूट्रल कर, पेट्रोल वाचतं. बरोबर आहे का?

प्रतिसाद

न्यूट्रल अजिबात नको, भावा. वडिलांचं म्हणणं कार्बोरेटरच्या गाडीचं आहे, तेव्हा ते लोक करायचे. तुमच्या गाडीत फ्युएल इंजेक्शन आहे. गिअरमध्ये ठेवून एक्सलेटरवरचा पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडायचं थांबवतात, चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रल केली की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, शिवाय इंजिनचा ब्रेक जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. करूळसारख्या घाटात ब्रेक तापले तर लागायचे नाहीत. वडिलांना नीट समजावून सांगा.

शहरातही हेच कामाला येतं. सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढा, गिअरमध्येच गाडी येऊ द्या. शेवटपर्यंत रेस देऊन मग ब्रेक मारला की जाळलेलं पेट्रोल ब्रेकमध्ये गेलं. चढावर हाफ क्लचवर गाडी धरू नका, हँडब्रेक ओढा.

ट्रॉलीमागं मात्र अंतर जास्त ठेवा, इतकं की ब्रेक न लावता एका वेगात जाता येईल. पुढचा रस्ता पूर्ण दिसत असेल तरच ओव्हरटेक करा, आणि करताना खालचा गिअर टाकून झटक्यात करा. तिथं पेट्रोल वाचवायला जाऊ नका, जीव महत्त्वाचा.

प्रतिसाद

हायवेला किती पळवता? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. शाहू नाक्यापासून गोकुळ शिरगाव आहेच किती? त्यात मिनिटभरही वाचत नाही.

टायरची हवा सकाळी, गाडी गार असताना तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, तोच धरा.

आणखी एक. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या मानानं ६-७ टक्के घट तिथंच आली. आपल्या उसाला त्यातून भाव मिळतो हे चांगलंच आहे, पण जुन्या अ‍ॅव्हरेजशी तुलना करताना हे लक्षात ठेवा.

धागाकर्ता

मनापासून आभार. वडिलांना वाचून दाखवतो. एसीचं काय करू? आई सोबत असते, तिला धूळ सोसत नाही.

प्रतिसाद

मग एसी लावाच. हायवेला काचा उघड्या ठेवल्या तरी हवेचा अडथळा वाढतो. गाडी उन्हात उभी असेल तर आधी दारं उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी. दोन-तीन टाक्या झाल्या की आकडा इथं टाका, एका टाकीवरून काही ठरवू नका.