चार्ली पॅटनच्या संग्रहातील खरखर
अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक चार्ली पॅटनच्या जुन्या गाण्यांच्या संग्रहात खरखर फार आहे आणि पुनर्प्रकाशन करणाऱ्यांनी हलगर्जीपणा केला, असे काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. पॅटनने १९२९ पासून ज्या पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केले, ती विस्कॉन्सिनमधील एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची शाखा होती. तिच्या तबकड्या हलक्या प्रतीच्या असत आणि मूळ धातूचे साचेही बहुतेक पुढे राहिले नाहीत, त्यामुळे आज कोणताही संग्रह संग्राहकांकडे उरलेल्या, झिजलेल्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरूनच तयार करावा लागतो. खरखर अति गाळली, तर गिटारच्या लाकडावर पडणारी पॅटनची थाप आणि तारेची धार दोन्ही बोथट होतात, म्हणून खरेदीपूर्वी एकच गाणे दोन आवृत्त्यांत ऐकून पाहावे. मी स्वतः खरखरीचीच आवृत्ती घेईन.

'संपूर्ण' म्हणून विकल्या जाणाऱ्या जुन्या ब्लूजच्या संचांबद्दलही थोडी सावधगिरी बरी. ब्लूज गायक सन हाउसने १९३० मध्ये पॅरामाउंटसाठीच गायलेले 'क्लार्क्सडेल मोन' दीर्घकाळ हरवलेले मानले जात होते. त्याची तबकडी सापडून ते २००६ मध्ये याझू या पुनर्प्रकाशन करणाऱ्या कंपनीच्या संग्रहात आले, आणि तोपर्यंतच्या एकाही संचात ते नव्हते.