पाचगणीतील लग्नासाठी नियोजक कुठला घ्यावा?
पाचगणीतील लग्नासाठी नियोजक पुण्याचा घ्यावा की साताऱ्याचा, या आपल्या प्रश्नावर माझे मत स्थानिक माणसाच्या बाजूने आहे. पसरणी घाटातून मांडवाचे सामान, आचारी आणि वऱ्हाड वेळेत वर कसे आणायचे, हे ज्याने स्वतः निभावले आहे त्यालाच नेमके ठाऊक असते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, शिवाय उघड्यावरचा ध्वनिक्षेपक सर्वसाधारणपणे रात्री १० नंतर बंद ठेवावा लागतो. म्हणून कोणती परवानगी कोण काढणार, हे करारातच लिहून घ्यावे. आमच्या पुतणीच्या लग्नात हे तोंडीच राहिले आणि वरात वाजंत्रीविना काढावी लागली, याची हळहळ घरात अजून आहे. केटरर व सजावटवाल्यांकडून नियोजक कमिशन घेतो का, हेही आगाऊ रक्कम देण्यापूर्वी स्पष्ट विचारावे.