मदत हवी आहे: पावसाळ्याआधी वॅगनआरचे टायर, कुंभार्ली घाट, बजेट साडेआठ हजार

नमस्कार मंडळी,

चिपळूणला राहतो. गाडी २०१४ ची वॅगनआर व्हीएक्सआय, तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. आईची केमो कराडला चालू आहे, दर एकवीस दिवसांनी. जाताना एसटीने जमतं, पण येताना तिला बसवत नाही, मागच्या सीटवर आडवं करूनच आणावं लागतं. त्यामुळे घाट गाडीनेच चढायचा-उतरायचा, आणि पुढच्या दोन्ही खेपा जूनमध्ये आहेत.

टायर १५५/६५ आर१४, ट्यूबलेस. पुढचा डावा आतल्या कडेने पार गोटा झालाय, बाहेरून बघितलं तर बरा वाटतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून वाकून पाहिलं तेव्हा कळलं. खाचांमधल्या त्या १.६ मिमीच्या खुणा आतल्या बाजूला रबराला टेकल्यात. पुढचा उजवा अजून थोडा शिल्लक आहे. या दोघांवर २३१९ छापलंय, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मागचे दोन्ही २०२१ चे, दुकानदाराने गेज लावून साडेतीन मिमी सांगितले. स्टेपनी कंपनीतून आलेलीच आहे, २०१४ ची, एकदाही रस्त्याला लागलेली नाही.

चार नवे घ्यायचे तर पंधरा हजारांच्या आसपास जातात. तेवढे आत्ता नाहीत, औषधांचं बिल आधी. एक ओळखीचा म्हणतो सेकंडहँड चार घे, बाराशेला एक. दुसरीकडे सल्ला मिळाला की दोन नवे घेऊन पुढे टाक, इंजिन आणि ओढ पुढेच असते. हप्त्याने घ्यायची इच्छा नाही. काय करावं? घाटात धुकं आणि पाऊस असताना आई मागे झोपलेली असते, म्हणून चुकायची भीती वाटते.

घाटमाथा:
दादा, आधी आईंना लवकर बरं वाटो.

सेकंडहँड अजिबात नको. काही ठिकाणी गरम पात्याने खाचा पुन्हा कोरून काळं पॉलिश मारतात, टायर नवा दिसतो पण खाली रबर उरलेलं नसतं. आतून पंक्चरचे किती पॅच आहेत तेही रिमवरून काढल्याशिवाय दिसत नाही.

दोन नवे घ्या, पण ते मागे टाका आणि मागचे २०२१ चे पुढे आणा. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जायला बघते, ॲक्सिलरेटर सोडला की वेग उतरून बऱ्याचदा पकड परत येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि वळणावर ती सावरणं तुमच्या-माझ्यासारख्याच्या हातात राहत नाही. पुढे ओढ असली तरी नियम हाच.

स्टेपनी न वापरताही म्हातारी झाली. रबर कडक होतं, बाजूला बारीक भेगा दिसतील. पुढचा उजवा काढाल तो स्टेपनीच्या रिमवर चढवून घ्या, पंक्चरवाल्यापर्यंत पोचण्यापुरता.

चाकोरी:
वरच्या सल्ल्याशी सहमत, पण मूळ दुखणं राहिलं. आतली कड एकट्याच टायरची गेली म्हणजे गाडी टायर खातेय. फक्त हवा कमी असती तर दोन्ही कडा झिजल्या असत्या, जास्त असती तर मधला पट्टा. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) रबरी बुश आणि बॉल जॉइंट (त्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) आधी बघून घ्या, मगच अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. बुश गेलेला असताना केलेली अलाइनमेंट टिकत नाही.

बिल घेताना लक्ष द्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. आणि नव्या टायरवरचे चार आकडे दुकानातच वाचा, दोन-तीन वर्षं पडून असलेला माल घेऊ नका.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. डाव्या बाजूचा बुश खरंच फाटलेला निघाला. बदलायला ७०० लागले, दोन टायर बसवून, बॅलन्सिंग आणि नवे व्हॉल्व्ह धरून ७,२००, अलाइनमेंट ५००. आठ हजार चारशेत झालं. मागे टाका म्हटल्यावर दुकानातला मुलगा कुरकुरला, पण मी ऐकलं नाही. हवा दाराजवळच्या स्टिकरवर आहे तेवढीच, सकाळी गाडी गार असताना भरली.

आधी ब्रेक मारला की स्टिअरिंग डावीकडे ओढायचं, ते थांबलं. नवं रबर सुरुवातीचे दोन-तीनशे किलोमीटर थोडं निसरडं असतं असं मेकॅनिक म्हणाला, म्हणून उद्या एकटाच घाट चढून वरच्या हेळवाकपर्यंत सावकाश जाऊन येतो, आई गाडीत बसायच्या आधी.